चार स्क्रू

एकतीस वर्षं बेस्टच्या फॉल्ट खात्यात काढली.
खड्ड्यात उतरायचं, जळक्या केबलचा वास घ्यायचा,
आणि वर, कठड्यापाशी जमलेल्या पायांमधून
एकच प्रश्न यायचा: कधी येणार?
येईल, म्हणायचो.
तासाभरात, असंही म्हणून गेलोय,
हातात नुसतं जॉइंटचं डांबर असताना.

आता अँटॉप हिलच्या या खोलीत
खिडकीखाली टेबल, सोल्डरगन, चिमटा, मल्टिमीटर.
साकीनाक्याच्या भंगारातून किलोवर आणलेल्या
लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडत बसतो.
सहातला एखादा सेल मेलेला असतो
आणि लोक साही फेकून देतात.
उरलेल्या पाचांना मी रात्रभर राखतो,
सकाळी ज्याचे व्होल्ट टिकले तो कामाचा.
(मलाही खात्यानं अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर काढलं.
हा विनोद मी एकदाच करतो.)

पहिला दिवा फार झगझगीत झाला.
शेजारच्या राजाध्यक्ष वहिनी म्हणाल्या,
घरात झडती चाललीय असं वाटतं.
दुसरा देखणा होता,
पण लाइट गेल्यावर तो सापडेना.
दिवा शोधायला दिवा लागला,
तेव्हा फरशीवर बसून हसलो एकटाच.
मग त्याला कडी दिली, दाराशेजारच्या खिळ्यावर अडकवायला,
आणि बटणावर एक उंचवटा,
भाताच्या शितापेक्षा जरा मोठा,
अंगठ्याला अंधारात कळेल असा.

तिसरा घेऊन तळमजल्यावर गेलो,
हसनैन परकारांकडे. मूळचे दापोलीचे,
पायमशीनवर शाळांचे गणवेश शिवतात.
त्यांनी दिवा लावला, दोन रिळं त्याखाली धरली.
"यातलं काळं कुठलं नि निळं कुठलं?"
मला सांगता येईना.
"मलाही नाही. पण सकाळी गिऱ्हाइकाला येतं."

वर आलो. लॅमिंग्टन रोडवरून
महागातली, पिवळसर एलईडी आणून लावली.
दिव्याचे दोन तास गेले.
त्या दोन तासांसाठी आठवडाभर भांडलो,
समोर कुणी नव्हतं तरी.
शेवटी रिळं जिंकली.
अंगावर चार ठिपके दिले त्याच्या:
चार असले तर रात्र निघेल,
एक उरला की आवरायला घ्या.
तासाभरात म्हणणारा या घरात एक आहे, पुरे.

झाकण चिकटवलं नाही. चार स्क्रू,
खाच इतकी रुंद की रुपयाच्या नाण्यानं फिरावेत.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी, साडेदहाला,
सगळी वसाहत गेली.
पंखे रेंगाळत थांबले. कुणाचं तरी बाळ,
कुणाच्या तरी कुकरची अर्धी शिट्टी.
मी सवयीनं गॅलरीत आलो.
वरच्या मजल्यावरून हाक आली, काका, कधी येणार?
माहीत नाही, म्हणालो.
खात्यात असतो तर हे वाक्य मेमोला पात्र होतं.
खाली परकारांचं मशीन
जरा अडखळलं, आणि पुन्हा चालू झालं.

पावणेतीनला आली.

परवा तो दिवा तपासायला मागवला.
स्क्रूंच्या खाचांत नाण्याचे ओरखडे.
मला न विचारता कुणी उघडला, म्हणून आधी राग आला,
मग वाटलं, त्यासाठीच तर.
आत एक वायर सुटली होती. सोल्डर कुठलं असणार;
दोऱ्याचे नऊ-दहा वेढे, करकचून,
आणि शिंप्याची बारीक गाठ.
ओढून पाहिली. हलली नाही.
दोरा काळा की निळा ते मात्र कळेना.
संध्याकाळ झाली होती.
ट्यूब न लावता
टेबलावरचा पाचवा दिवा उचलला, जवळ नेला.

निळा.